शब्दचर्चा: मतदारांवरच्या ‘फ्रस्ट्रेशन’ला मराठीत काय म्हणावं?

नोव्हीकरीण

मंडळी, एका वाक्यावर अडलेय. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मैत्रिणीच्या इंग्रजी लेखाचं मराठी करून देते म्हटलं आणि पहिल्याच ओळीला ठेच लागली. ओळ अशी: ‘आय ॲम फ्रस्ट्रेटेड विथ द व्होटर्स.’ विषय २०२४ ची अध्यक्षीय निवडणूक.

मैत्रीण इथेच, मिशिगनमध्ये वाढलेली. मराठी झकास बोलते, लिहीत नाही. त्या दिवशी ती मतदान केंद्रावर कामाला होती. शाळेची जिम, सकाळी सात ते रात्री आठ. इथे कागदी मतपत्रिका असते. लंबगोल काळे करायचे आणि कागद आपल्या हाताने यंत्रात सरकवायचा. एक गृहस्थ यंत्रापाशी येऊन नुसतेच उभे राहिले. कागद फटीच्या तोंडाशी नेत होते, परत मागे घेत होते. पाठीमागे रांग. तिने लिहिलंय की आधी त्यांची कीव आली, मग राग आला, आणि शेवटी ‘कुणाला द्यायचं त्याला द्या, पण एकदाचा टाका तो कागद’ असं झालं.

आता शब्द. ‘मतदारांमुळे मला वैफल्य आलं आहे’ असं लिहिलं तर बाईंना डॉक्टरकडे न्यावंसं वाटतं. ‘नाराज’ म्हटलं की मंत्रिपद हुकलेला आमदार डोळ्यांपुढे येतो. ‘वैतागले’ हे नळाला पाणी नसल्यावर. ‘उद्विग्न’ अग्रलेखात शोभतं. सुचवा काहीतरी.

खडूस

‘मतदार माझ्या डोक्यात जातात.’ घ्या, झालं.

नोव्हीकरीण

खडूसराव, मनापासून आवडलंय, पण दिवाळी अंकाचे संपादक सत्तरीचे आहेत.

पाटीपेन्सिल

ताई, ‘वैफल्य’ तुम्ही उगाच बाद केलंत. विफल म्हणजे फळ न आलेलं. कष्ट केले, दारोदार फिरलो, फळ नाही, ते वैफल्य. प्रचार केलेल्याला तो शब्द चालतो. पण तो माणसाच्या आत असतो, कुणावर रोखता येत नाही. ‘मतदारांवर वैफल्य’ असं मराठीत होतच नाही. इंग्रजीत त्या ‘विथ’ने जे काम केलंय त्याला आपल्याकडे क्रियापद बदलावं लागतं. चरफडणे, धुमसणे, चिडणे यांतलं काहीतरी बघा.

एक गंमत मात्र आहे. आपला ‘मतदार’ हा मत देणारा नव्हेच. ‘-दार’ हा फारसी प्रत्यय, बाळगणारा या अर्थाचा. जमीनदाराकडे जमीन, ठाणेदाराकडे ठाणं, तसं मतदाराकडे मत. (डेट्रॉइटचे खासदार श्री ठाणेदार मूळचे बेळगावचे, म्हणजे प्रत्ययही तिकडे पोचला.) देणारा तो हिंदीतला मतदाता. तुमच्या मैत्रिणीचे गृहस्थ कागद हातात धरून उभे राहिले, ते अगदी व्युत्पत्तीला धरून मतदार होते.

आणि ‘मतदान’मध्ये दान आहे. दान सत्पात्री असावं म्हणतात. अपात्री गेलं की देणाऱ्यालाच बोल लागतो. शिवाय सोंगट्यांच्या पटावरही दान पडतं. मी तर निवडणुकीच्या रात्री दुसऱ्याच अर्थाने वाचतो.

एडिसनचे काका

मी जर्सीत राहतो आणि ट्रम्पला मत दिलं, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. या सगळ्याला मराठीत एक तयार शब्द आहे: जळफळाट.

आता माझं गाऱ्हाणं ऐका. न्यू जर्सीने १९८८ नंतर एकाही रिपब्लिकन उमेदवाराला अध्यक्षपदासाठी कौल दिलेला नाही. इथे अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्याच्या निर्वाचक मतांवर, आणि बहुतेक राज्यांत जो पुढे त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं. न्यू जर्सीची १४ दर वेळी पलीकडे, डेमोक्रॅट्सकडे. म्हणजे माझं मत मोजलं जातं, पण धरलं जात नाही. मोजणे आणि धरणे यांतला फरक मराठी माणसाला समजावायला नको. लहानपणी लिंबूटिंबू म्हणून खेळायला घ्यायचे, तसा मी इथला लिंबूटिंबू मतदार. फ्रस्ट्रेशन असेल तर मला असायला हवं.

नोव्हीकरीण

काका, जळफळाट हा नेहमी दुसऱ्याचा असतो. आपला तो उद्वेग.

ग्रीनकार्डवाला

मला अमेरिकेत मत नाही, मतं मात्र भरपूर आहेत, म्हणून मध्ये पडतो.

काकांची तक्रार दोन्ही बाजूंना लागू आहे. वायोमिंगची वस्ती पावणेसहा लाखांच्या आसपास आणि निर्वाचक ३. कॅलिफोर्नियाची वस्ती पावणेचार कोटींहून जास्त आणि निर्वाचक ५४. भागाकार करून बघा. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मतं पडली आणि तरी त्या पडल्या. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून फरक ७८ हजारांच्या आत होता.

‘मतं पडली’ आणि ‘त्या पडल्या’. एकच क्रियापद. हे परभाषिकाला कसं समजावणार?

इलेक्टोरल कॉलेजला आपण ‘निर्वाचक मंडळ’ म्हणतो ते ठीक. माझ्या मावशीने २०१६ मध्ये पुण्याहून फोनवर विचारलं होतं, ‘कुठल्या कॉलेजात ठरतं रे ते?’ आणि जो निर्वाचक ठरल्या उमेदवाराला मत देत नाही त्याला इंग्रजीत ‘फेथलेस’ म्हणतात. आपल्याकडे किती नेमका शब्द आहे: फितूर. साक्षीदार फितूर होतो तसा निर्वाचक फितूर. २०१६ ला असे सात निघाले, त्यातले पाच क्लिंटन यांच्याकडचे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यांना त्यांना बांधून ठेवता येईल.

सावंतवाडकर

काकांनी ‘कौल’ सहज वापरला म्हणून लिहितो.

आमच्या गावच्या देवळात कौल लावताना मी लहानपणापासून पाहत आलोय. गुरव मूर्तीला पाण्याने भिजवून पाकळ्या चिकटवतो. गाऱ्हाणं घातलं जातं. मग सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कधी पाऊण तास काहीच पडत नाही. तेव्हा देवळातल्या चेहऱ्यांवर जे दिसतं ना, ते ताई, तुमच्या मैत्रिणीचं यंत्रापाशी उभं राहणं.

पण मुद्दा असा की डावा कौल आला म्हणून देवावर कुणी चिडत नाही. गाऱ्हाण्यात चूक झाली असेल, प्रश्न नीट विचारला नसेल, असंच बोलतात. ‘जनतेने कौल दिला’ म्हटलं की जनतेला आपण त्या पाषाणाच्या जागी बसवतो. मग तिच्यावर रागवायची सोयच राहत नाही. म्हणून तुम्हाला शब्द सापडत नाहीये.

पाटीपेन्सिल

सावंतवाडकर, वा! त्यात थोडी भर. कौल हा मुळात अरबी, शब्द किंवा वचन या अर्थाचा. मराठी राज्यात कौल सरकार द्यायचं आणि रयत घ्यायची. गाव ओस पडलं की ‘परत या, जमीन कसा, इतकी वर्षं सारा कमी घेऊ’ असा लेखी कौल. कौलनामा तोच. आज दिशा उलटली. रयत देते आणि सरकार घेतं, आणि घेतल्यावर ते वचन होतं की आशीर्वाद, यावरून भांडण.

इंग्रजी ‘मॅन्डेट’ला मी म्हणून कौल वापरत नाही. ‘जनादेश’ त्याहून वाईट. २०२४ मध्ये ट्रम्प यांना ४९.८ टक्के, डेमोक्रॅट कमला हॅरिस यांना ४८.३ टक्के. पात्र मतदारांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक फिरकलेच नाहीत. सातही कुंपणावरची (कधी या, कधी त्या पक्षाकडे झुकणारी) राज्यं एकीकडे गेली हे खरं, विजय निर्विवाद हेही खरं. पण आदेश? दीड टक्क्याला सरशी म्हणावं.

एडिसनचे काका

सर, २०२० ला ॲरिझोना आणि जॉर्जिया साडेदहा आणि पावणेबारा हजारांनी बायडनकडे गेली होती, तेव्हा तुम्ही ‘सरशी’ म्हणत होतात का? असो. पण मतदारांना शहाणपण शिकवण्याची सवय कुठे नेते ते सांगतो. ९ सप्टेंबर २०१६. क्लिंटनबाईंनी न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना ‘डिप्लोरेबल्स’ची टोपली म्हटलं. दुसऱ्या दिवशी ‘निम्मे’ म्हणायला नको होतं, असं म्हणाल्या. तोवर लोकांनी तो शब्द टीशर्टवर छापून दागिन्यासारखा मिरवायला घेतला होता.

पाटीपेन्सिल

म्हणत नव्हतो, काका. कबूल.

‘डिप्लोरेबल’चं मराठी मात्र करून बघा. ‘निंद्य’ केलं तर शिवी. ‘शोचनीय’ केलं तर ज्याच्याबद्दल शोक करावा असं. मूळ लॅटिन धातू रडण्याचाच आहे, म्हणजे शोचनीय हा अक्षरशः बरोबर. आणि तरी चूक, कारण बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

तिसरी घंटा

उशिरा आले. मला वाटतं तुम्हाला हवा तो शब्द ‘त्रागा’ आहे.

आज आपण त्रागा म्हणजे आदळआपट समजतो. ताट सरकवून उठणं वगैरे. जुना अर्थ भयंकर आहे. गुजरात-काठेवाडातले भाट-चारण कुणाच्या कराराला जामीन राहत. तो करार मोडला तर भाट समोरच्याला हात लावत नसे. त्याच्या दारात स्वतःच्या अंगावर वार करून घेई. रक्त माझं, पाप तुझं. हा त्रागा. धरणं हे त्याचंच सौम्य भावंड.

आता अमेरिकेतलं ‘प्रोटेस्ट व्होट’ घ्या, म्हणजे आपल्या पक्षावरच्या रागाने तिसऱ्यालाच दिलेलं मत. २००० साली फ्लोरिडात ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं, आणि डेमोक्रॅट अल गोर तिथे बुश यांच्यामागे ५३७ मतांनी राहिले. २०१६ ला मिशिगनमध्ये त्याच पक्षाच्या जिल स्टाइन यांना ५१ हजारांवर, आणि राज्यातला फरक १०,७०४. ‘तुम्ही ज्यांना आपलं म्हणता त्यांच्याच दारात आम्ही स्वतःला जखम करून घेतो, पाप तुमच्या माथी’, असंच ना ते?

ग्रीनकार्डवाला

मराठी पेपरवाला सरळ लिहील, ‘नेडरनी गोरची मतं खाल्ली.’ आणि नेडर नसते तर ते ९७ हजार सगळे गोरकडेच गेले असते हे गृहीत कसं धरायचं? कित्येक घरीच बसले असते. फ्लोरिडाचं घोंगडं तर मतपत्रिकेतच भिजत पडलं होतं. भोकं पाडायची कार्डं, आणि भोकातून नीट न सुटलेल्या कागदी तुकड्यांना नावं: लोंबता चॅड, पोटुशी चॅड, खळी पडलेला चॅड. (भाषांतर माझं.) ते मोजता मोजता १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चारने मोजणीच कायमची थांबवली.

नोव्हीकरीण

त्रागा वाचून थोडी दचकलेच, कारण मैत्रिणीच्या लेखाचा मधला भाग डिअरबॉर्नवर आहे. आमच्यापासून अर्ध्या तासावर. अरब-अमेरिकन वस्ती मोठी. २०२० ला तिथे बायडन भरघोस मतांनी पुढे. फेब्रुवारी २०२४ च्या डेमोक्रॅट्सच्या प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) गाझाच्या युद्धावरून राज्यभरात लाखावर लोकांनी ‘अनकमिटेड’, म्हणजे कुणालाच बांधील नाही, यासमोरचा लंबगोल काळा केला. नोव्हेंबरात डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले, हॅरिस दुसऱ्या, आणि स्टाइन यांना १८ टक्क्यांच्या आसपास. मैत्रीण त्यांच्यावर फार चिडलीय. ‘आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला’ असं लिहिलंय.

पण हिशोब तिला सांगायचा राहिला. मिशिगनमधला फरक सुमारे ८० हजारांचा होता, आणि स्टाइन यांची राज्यातली सगळी मतं मिळूनही त्यापेक्षा कमी. म्हणजे त्यांनी हरवलं असं म्हणता येत नाही. आणि ज्यांच्या घरची माणसं तिकडे मरत होती त्यांच्या मताला त्रागा म्हणायचं?

तिसरी घंटा

आजच्या अर्थाने म्हणाल तर क्रूर आहे. जुन्या अर्थाने अजिबात नाही. ज्याच्या हातात दुसरं शस्त्र नाही त्याचं ते शस्त्र होतं, आणि त्याला समाजात मान होता. अडचण दुसरीच. त्रागा चालायचा कारण समोरच्याला पापाची भीती होती. दारात रक्त सांडलं तर सात पिढ्यांना लागेल, असं त्याला खरंच वाटायचं. उमेदवार हरल्यावर सल्लागार बदलतो, पाप कुठे मोजतो? ज्याला भीती नाही त्याच्या दारात केलेला त्रागा वायाच.

आणि ‘पायावर धोंडा’मध्ये असं गृहीत आहे की त्या पायांचं हित आम्हाला जास्त कळतं. जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्के होता. अंड्यांचं खोकं घेताना किंमत बघून परत ठेवणाऱ्या माणसाला ‘अर्थव्यवस्था उत्तम आहे’ असं सांगत राहिलं तर धोंडा कुणी कुणाच्या पायावर टाकला?

एडिसनचे काका

तिसरी घंटा, तुमचं मत मला पटतंय म्हणजे माझं वय झालं.

खडूस

हॅरिस पडल्या की पाडल्या? आमच्याकडे निकालानंतर हा एकच प्रश्न असतो. पडला म्हणजे नशीब, पाडला म्हणजे कुणीतरी जेवणावळीत ठरवलं होतं. तुमच्या मैत्रिणीला ‘पाडल्या’ म्हणायचंय आणि पाडणारे साडेसात कोटींहून जास्त आहेत. एवढ्यांवर एकदम चिडता येत नाही, म्हणून ती त्या कागदवाल्या एकट्या गृहस्थावर चिडली.

आणि वाक्य हवं असेल तर माझी आई आमच्यापुढे जे करायची ते: हात टेकले.

नोव्हीकरीण

‘मतदारांपुढे मी हात टेकले आहेत.’ खडूसराव, हेच! पाच वेळा मोठ्याने वाचून पाहिलं. राग आहे, दमणं आहे, आणि आपलीच माणसं आहेत हेही आहे.

मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘हात टेकले म्हणजे नमस्कार केला ना? पण मी तर रागात आहे.’ तिला सावंतवाडकरांच्या पाकळ्यांची गोष्ट सांगितली. म्हणाली, बरं, राहू दे.

डिअरबॉर्नचा परिच्छेद ती पुन्हा लिहितेय. तोवर एक शेवटचं विचारते. तिने मतपत्रिकेची लांबी सांगताना सगळी पदं दिलीत, कारण इथे न्यायाधीशापासून शाळेच्या मंडळापर्यंत सगळं निवडून द्यावं लागतं. मिशिगनच्या कित्येक काउंट्यांत ‘ड्रेन कमिशनर’ही निवडणुकीने ठरतो. त्याला काय म्हणू?

पाटीपेन्सिल

जलनिस्सारण आयुक्त.

खडूस

नालेदार. प्रत्यय तिकडे पोचलेलाच आहे.