२५ मेला वरच्या पोरींसाठी काय करू?

प्रश्न
मी त्रिमूर्तीनगरात राहते. वरच्या खोलीत दोन मुली भाड्याने आहेत, एक इथिओपियाची, एक सुदानची. मागच्या २५ मेला दोघी गच्चीवर मोबाईलवर गाणी लावून बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "काकू, आज आफ्रिका दिन." मला काहीच माहीत नव्हतं. बरं म्हटलं न् खाली आले, ते वर्षभर मनाला लागून राहिलं. सुदानात २०२३ पासून लढाई सुरू आहे, ती पोर तेव्हापासून घरी गेली नाही. यंदा दोघींना जेवायला बोलावते आहे. हा दिवस नेमका कशाचा? आणि रांधू काय? नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला असेल, हे धरून सांगा.

उत्तर (महाल, निवृत्त इतिहास शिक्षक)
ताई, २५ मे १९६३ ला अदिस अबाबात ३२ स्वतंत्र देशांनी मिळून आफ्रिकी ऐक्य संघटना काढली. सुदान त्यांत होता. अंगोला, मोझांबिक तेव्हा पोर्तुगालच्याच ताब्यात, म्हणून मुक्तिलढ्यांना मदत हे तिचं मोठं काम. २००२ मध्ये तिच्या जागी आफ्रिकी संघ आला, आज ५५ सदस्य आहेत, मुख्यालय अदिस अबाबालाच. म्हणजे तुमच्या इथिओपियाच्या पोरीच्या राजधानीतली ही गोष्ट. तिच्याच तोंडून ऐका. आणि पुढं औरंगाबाद झालेलं खडकी वसवणारा मलिक अंबर तिच्याच मुलखातला, हे तिला जरूर सांगा.

उत्तर (खार्तूममध्ये तीन वर्षं नोकरी केलेला)
काकू, आयते, म्हणजे पातळ धिरडी, करा! ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतलीच. सुदानात तिचं पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, त्याला किसरा म्हणतात. सोबत वाळल्या भेंडीची पूड घालून दाट केलेला रस्सा. परमुलखात मला त्या किसऱ्यानं आईच्या हातच्या आयत्यांची आठवण दिली होती. इथिओपियाचा इंजेरा टेफ नावाच्या धान्याचा, तोही आंबवलेलाच. तिकडे एकाच मोठ्या ताटात जेवतात, जवळच्या माणसाला हातानं घास भरवतात. ती मुलगी ऑर्थोडॉक्स असेल तर बहुतेक बुधवार-शुक्रवारी दूध, अंडी, मांस चालत नाही, तेवढं आधी विचारा.

प्रश्न विचारणारी
विचारलं. कॉफी तीच करणार आहे, हिरव्या बिया आमच्याच शेगडीवर भाजून. गुरुजी, मलिक अंबराचं नाव काढलं तर ती खाली बसूनच ऐकत राहिली. भेंड्या चिरून आज गच्चीवर वाळत टाकल्या, या उन्हात दोन दिवसांत कुरकुरीत होतील. जेवण सात वाजल्यावर, गच्चीवर पाणी मारून. परात मोठी आहे, तिघींना पुरेल. भाऊ, आंबवल्यावर आयते तव्याला चिकटतात माझे, पीठ किती पातळ ठेवू?