एक गोल झाला की मागे सरकणारे कोच : तुमची जागरणं सांगा

कोथरूडचा जागल्या

१२ जुलै २०२१, रात्रीचे साडेबारा. कोरोनाचे दिवस, कुठे जाणं-येणं नाही. आई आत झोपलेली, टीव्हीचा आवाज चारवर, सोफ्यावर मी आणि बाबा. वेम्बलीत युरोची फायनल, इंग्लंड विरुद्ध इटली. दुसऱ्याच मिनिटाला ट्रिपियरचा क्रॉस आला आणि ल्यूक शॉने थेट जाळ्यात मारला. मी तोंडात उशी धरून ओरडलो.

बाबा जन्मभर टेस्ट क्रिकेट बघणारे. ऑफसाइड त्यांना आजही मान्य नाही. विसाव्या मिनिटाच्या आसपास ते म्हणाले, "अरे, ह्याने फिल्डिंग पसरवली की."

तेवढ्या एका वाक्यात सगळं आलं. पहिल्याच ओव्हरला विकेट मिळावी आणि कॅप्टनने स्लिप काढून सगळे बाऊंड्रीवर पाठवावेत, तसं. इंग्लंडचा तेव्हाचा कोच साउथगेटने मागे पाच ठेवले होते, त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. पण हळूहळू ते पाचाचे सात-आठ झाले, चेंडू इटलीकडे आणि आपण त्यांच्या पासेसचे प्रेक्षक. ६७ व्या मिनिटाला बोनुचीने बरोबरी केली तेव्हा मला धक्कासुद्धा बसला नाही. ग्रीलिश बाकावर बसलेला, तो आला ९९ व्या मिनिटाला. रॅशफोर्ड आणि सँचो आले ते १२० व्या मिनिटाला, केवळ पेनल्टी मारायला. दोघांच्याही हुकल्या, मग साकाची अडली. थंड पायांनी आलेल्या पोरांना जगासमोर उभं केलं, याचा राग मला हरण्यापेक्षा जास्त आला.

तर तुमचे अनुभव लिहा. नुसत्या शिव्या नकोत. कुठे बसला होतात, कितव्या मिनिटाला कळून चुकलं, घरच्यांनी काय ऐकवलं, ते सांगा. संघ कुठलाही चालेल.

तीळभाकरी

इंग्लंडचं राहू दे, आपल्या घरचं सांगते. १४ जानेवारी २०१९, भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी, लोणी, असं पोटभर जेवून आम्ही साडेनऊला टीव्हीसमोर. आशिया कप, शारजा, भारत विरुद्ध बहारीन.

पहिल्या सामन्यात थायलंडला ४-१ असं धुतलं होतं. यूएईकडून ०-२ हरलो, पण त्या दिवशी आपण दोनदा चेंडू बारला मारला होता, बघायला मजा आली होती. आता नुसती बरोबरी झाली तरी बाद फेरी. या 'बरोबरी पुरेल'नेच घात केला. आपला बचावपटू अनस सुरुवातीलाच दुखापतीने बाहेर गेला हे खरं, पण त्यानंतर आपण चेंडू जो लांब फेकत सुटलो तो सुटलोच. फेकायचा, तो परत यायचा, पुन्हा फेकायचा. छेत्री पुढे एकटा, लग्नात चुकीच्या पंगतीला बसलेल्या माणसासारखा. गोलकीपर गुरप्रीत अडवतोय आणि मी घड्याळ बघतेय.

नव्वद मिनिटं झाली. मी नवऱ्याला म्हटलं, "झालं, आता गूळपोळीचं बघते." उठले आणि मागून त्याचा "अरे नको!" ऐकू आला. आपल्या हल्दरचा फाउल, पेनल्टी, ९१ वं मिनिट, गोल. लगेच पत्रकार परिषदेत आपला कोच कॉन्स्टंटाइनचा राजीनामासुद्धा.

सासूबाई इतका वेळ तीळ निवडत शांत होत्या. त्यांनी विचारलं, "बरोबरीसाठीच खेळत होते म्हणता, मग तेवढी तरी का नाही झाली?" आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं.

पेठेतला रांगडा (सध्या हिंजवडी)

भावांनो, मी कोल्हापूरचा. आमच्यात वर्ल्ड कप आला की गल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागत्यात, घराघरात भांडणं लागत्यात. शाहू स्टेडियमवर तालमीचा संघ एक गोल मारून मागं सरला, तर समोरच्या संघाआधी आपलीच माणसं गॅलरीतनं सोलून काढत्यात. "काय रं, पाय मोडले काय?" हे सगळ्यात सभ्य वाक्य.

२०१८ ची सेमीफायनल, वाकडच्या फ्लॅटवर ऑफिसची आठ पोरं, सगळी इंग्लंडची. पाचव्या मिनिटाला ट्रिपियरची फ्री किक डायरेक्ट आत. पोरं नाचाय लागली. हाफटाइमला गावाकडनं काकाचा फोन. म्हातारा तालमीचा जुना गडी, म्हणतोय कसा, "क्रोएशियावर लाव. ही आता चेंडू मागत न्हाईत, टायम मागत्यात." पेरिसिच ६८, मांझुकिच १०९. काकाला फोन लावला तर उचलला न्हाई, झोपलावता.

तीन नंबर

थोडं उलट्या बाजूने लिहितो, कारण मी स्वतः गुन्हेगार आहे.

मी शाळेत लेफ्टबॅक होतो. कॅम्पातली शाळा, नाव राहू दे. आमच्या सरांचा नियम एकच, सेंटर लाइन ओलांडली तर पुढची मॅच बाहेर. मी चार वर्षांत विरोधी गोलकीपरचा चेहरा जवळून बघितला नाही. एका आंतरशालेय सेमीफायनलला समोर अख्खी मोकळी विंग दिसत होती. मी धावलो, क्रॉस दिला, गोल झाला. पुढच्या मॅचला, म्हणजे फायनलला, मी बाकावर. आम्ही ०-१ हरलो. सर त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत आणि मी आजतागायत त्यांच्यावर खार खाऊन आहे.

आता बाणेरच्या एका टर्फवर मी शनिवार-रविवार बारा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. पहिल्या दिवशी पालकांना मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, आपण मोकळं खेळणार. गेल्या महिन्यात एका छोट्या स्पर्धेत आम्ही १-० ने पुढे, सहा मिनिटं बाकी. माझा डावा बॅक, दहा वर्षांचं पोर, चेंडू घेऊन सुसाट पुढे निघालं. आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, "मागे ये! मागे ये!" तोच स्वर, सरांचा. पोर बिचारं मध्येच थबकलं, चेंडू गेला, आणि त्यावरच बरोबरी झाली.

तो पुढे जाताना गमावता तर मुलगा चुकला म्हणता आलं असतं. रेषेजवळ उभं राहिलं की मागची मोकळी जागा तेवढी दिसते, पुढची दिसतच नाही. टीव्हीवर जुन्या सामन्यांत साउथगेटला हात पँटच्या खिशात घालून उभा बघितलं की हल्ली मला त्याची दया येते. राग जातो असं नाही. दोन्ही येतं.

नाना पेठ

३० जून २०२४. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला. आमच्या भागात रस्ते बंद, गाडी काढायचा प्रश्नच नाही, नाहीतर मित्राकडे मोठ्या स्क्रीनवर बघायचं ठरलं होतं. आमच्या वाड्यात दरवर्षी परभणीकडची एक दिंडी उतरते. त्यांची जेवणं उरकून साडेनऊला मी जिन्यात मोबाइल घेऊन बसलो. युरो, इंग्लंड-स्लोव्हाकिया.

त्याआधी डेन्मार्कशी १-१, स्लोव्हेनियाशी ०-० करून झालं होतं. कोलोनला त्यांच्याच लोकांनी साउथगेटच्या दिशेने प्लॅस्टिकचे ग्लास फेकले होते. बेलिंगहॅम, फोडन, साका, केन असे एकेक हिरे, आणि चेंडू बचावातल्या स्टोन्सकडून ग्वेहीकडे, ग्वेहीकडून परत स्टोन्सकडे. २५ व्या मिनिटाला स्लोव्हाकियाचा गोल.

एक वारकरी आजोबा पायाला तेल चोळत शेजारी बसले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "माऊली, हे पुढं का जाईनात?" मी म्हटलं, कोच जाऊ देत नाही. ते हसले. "आमी रोज पंधरा-वीस किलोमीटर जातोय."

९५ व्या मिनिटाला बेलिंगहॅमची ती उलटी किक, बरोबरी. मी इतक्या जोरात ओरडलो की आत कोणीतरी "काय झालं? कोण पडलं?" करत उठलं. पुढे जादा वेळेत केनने जिंकून दिलं. पण मला ते कोचचं यश वाटलंच नाही. पोराने हवेत उडी मारून कोचला वाचवलं.

आकडेबहाद्दर

सगळ्यांचं वाचलं. आता माझ्यावर चपला फेका. २००६ मध्ये इक्वेडोरला हरवल्यापासून २०१८ पर्यंत इंग्लंडने मोठ्या स्पर्धेत बाद फेरीचा एकही सामना जिंकला नव्हता. २०१६ ला आइसलंडकडून हरले. साउथगेट या 'घाबरट' माणसाने एक सेमी आणि लागोपाठ दोन युरो फायनल दाखवल्या. २०१६ चा युरो पोर्तुगालने कसा जिंकला? गटातले तिन्ही सामने बरोबरीत, अख्ख्या स्पर्धेत नव्वद मिनिटांत जिंकलेला सामना एकच, वेल्सविरुद्धचा. त्यांचा कोच फर्नांडो सांतोसला कोणी डरपोक म्हणतं? कप हातात असला की त्यालाच 'शिस्त' म्हणतात.

आणि आपण सप्टेंबर २०१९ मध्ये दोह्यात आशियाई विजेत्या कतारला ०-० वर रोखलं तेव्हा काय केलं होतं? बचावच की. छेत्रीसुद्धा नव्हता. ऐन गणपतीत मी सोसायटीत पेढे वाटले होते.

तीळभाकरी

@आकडेबहाद्दर, दोह्यात समोरचा जबरदस्त होता, म्हणून आपण अडवत होतो. बहारीनच्या वेळी तसं नव्हतं, आपण खेळू शकत होतो. पेढे मीही वाटले होते.

पेठेतला रांगडा (सध्या हिंजवडी)

चपला फेकल्या असत्या, पण पोर्तुगालचं बरोबर हाय.

कोथरूडचा जागल्या

@तीन नंबर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही.

बाबांचं एक राहिलं. २०२४ च्या युरोची फायनल, बर्लिन, पुन्हा रात्री साडेबाराला, पुन्हा तोच सोफा. स्पेन १-० ने पुढे. बाकावरून आलेल्या इंग्लंडच्या पामरने ७३ व्या मिनिटाला बरोबरी केली. मी उभा राहिलो. बाबाही उभे राहिले, पण चष्म्याची घडी घालायला. "आता बघ, परत पसरवणार," म्हणाले आणि आत गेले.

सकाळी चहा पिताना त्यांनी कोण जिंकलं ते विचारलंच नाही. पेपरची पानं लावत म्हणाले, "कितव्या मिनिटाला?"

"८६."

"बराच टिकला की," म्हणाले आणि क्रीडा पान माझ्याकडे सरकवलं.