प्रतिसाद: दोघे बसले की धावपट्टी किती लागेल?
दोन आसनी हलक्या विमानाच्या माहितीपत्रकातली उड्डाणाआधीची 120 मीटरची धाव नवी मुंबईच्या मे महिन्यात दोघांना पुरेल का, असं वर विचारलंय. नाही पुरणार. तो आकडा 15 अंश तापमानाचा आणि कित्येकदा एकट्या वैमानिकाचा असतो.

35 अंशांत समुद्रसपाटीवरची हवाही सुमारे 2,400 फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. धाव अंदाजे 20 टक्के वाढते. खरा फटका वजनाचा. दुसरा माणूस बसून एकूण वजन 375 किलोंचे 450 झाले की धाव साधारण वजनाच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढते, म्हणजे 44 टक्के. दोन्ही मिळून 207 मीटर. ओलं गवत असेल तर त्यावर आणखी 30 टक्के धरा. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते तो, वजनाच्या वर्गमुळाने वाढतो: ताशी 65 चा 71 किमी. उतरताना एकट्याचाच वेग धरला, तर स्टॉलच्या वर ठेवलेला राखीव वेग नकळत संपतो. इथे चूक सहज होते.

इंधनाचंही बघा. रिकामं वजन 270 आणि माणसं 150 किलो, तर 450 च्या कमाल वजनमर्यादेत इंधनाला उरतात 30 किलो, म्हणजे 41 लिटर. ताशी 15 लिटर जळत असेल, तर अर्ध्या तासाचा साठा सोडून जेमतेम दोन तास. आणि कृपा करून वाशी-बेलापूरच्या पंपावरचं ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) टाकीत ओतू नका. अशा विमानांतल्या रोटॅक्स 912 इंजिनाला इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच चालतं.