इंजिन ‘निकामी झालं’, ‘बंद पडलं’ की ‘बंद केलं’?

प्रश्न
आमची शाळा गोंदिया तालुक्यात, बिरसी विमानतळाच्या अलीकडे. तिथल्या प्रशिक्षणाच्या विमानांमुळे पोरांना विमानांचं भारी वेड. ‘हवेत इंजिन गेलं तर वैमानिक काय करतो’ यावर आठवीच्या मुली भित्तिपत्रक करताहेत. त्यासाठी दोन इंजिनांचं छोटं बिझनेस जेट घेतलंय. बातम्यांत जिकडेतिकडे ‘इंजिन निकामी झाले’ असंच असतं. एका मुलीने विचारलं, “मॅडम, निकामी झालं होतं तर मग परत चालू कसं झालं?” मला उत्तर देता आलं नाही. कोणता शब्द घ्यावा?

उत्तर
‘बिघाड’ घ्या मॅडम. कुठंही चालतो.

उत्तर
चालतो, पण फार सैल आहे. तेलाचा दाब जरासा कमी दिसला तरी बिघाडच. मी नागपुरात अशा जेटच्या देखभालीचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुलीने नेमकं बोट ठेवलंय. निकामी म्हणजे पुन्हा कामात न येणारं. पातं तुटलं, बेअरिंग गेलं, इंजिन जाम झालं, तर ते निकामी. पण कधीकधी इंधन पोचत नाही किंवा आत जाणारी हवा विस्कटते आणि आतली ज्योत तेवढी विझते. याला आम्ही फ्लेमआउट म्हणतो. इंजिन धड असतं, समोरून येणाऱ्या हवेने पंखा फिरत राहतो, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीत आणि वेगात विमान आणलं की ते पुन्हा पेटवता येतं. हे ‘बंद पडलं’. धानाच्या बांधीवर मोटर बंद पडली आणि मोटर जळाली, यात आपल्याकडे कोणी गल्लत करत नाही. बंद पडली तर आधी लाइन आहे का बघतात, जळाली तर रिवाइंडिंगला नेतात. बातमी लिहिताना हा फरक सोडून देण्याचं काही कारण नाही.

आणि तिसरं, ‘बंद केलं’. आगीचा इशारा आला आणि खात्री पटली, की वैमानिक त्या इंजिनाचा लिव्हर (जोर कमी-जास्त करायचा दांडा) मागे घेतो आणि आगीचा स्विच वापरतो. त्याने इंजिनाचं इंधन तुटतं आणि आग विझवायची बाटली सोडायला तयार होते. इथे इंजिन आपोआप बंद पडलेलं नाही, माणसाने ठरवून थांबवलंय.

या एका क्रियापदावर किती अवलंबून असतं ते इंग्लंडातल्या केगवर्थच्या अपघातात दिसतं. ८ जानेवारी १९८९. बोइंग ७३७-४०० प्रवासी विमान. डाव्या इंजिनातलं पंख्याचं पातं तुटलं, आणि वैमानिकांनी बंद केलं उजवं, धडधाकट इंजिन. उतरताना डाव्यानेही दगा दिला. ४७ माणसं गेली. ‘दोन्ही इंजिने निकामी झाल्याने अपघात’ असं लिहिलं तर अपघाताचं कारणच वाक्यातून गळून जातं. म्हणून लिव्हर मागे घेण्याआधी एक वैमानिक त्यावर हात ठेवून ‘डावं’ किंवा ‘उजवं’ असं मोठ्याने म्हणतो, दुसरा बघून दुजोरा देतो, आणि मगच लिव्हर हलतो. मुलींनी हे चित्र जरूर काढावं.

प्रश्न
मनापासून धन्यवाद भाऊ. मग वैमानिकाचं पहिलं काम इंजिन बंद करणं, असं लिहू का?

उत्तर
नका लिहू. पहिलं काम विमान ताब्यात ठेवणं. बंडीचा एक बैल थबकला की बंडी त्याच अंगाला वळते, तसं विमानाचं नाक बंद इंजिनाकडे जातं. वैमानिक चालू इंजिनाच्या बाजूचा पाय दाबून रडरने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या हलत्या फळीने, ते सरळ करतो. बिझनेस जेटची इंजिनं बहुतेक शेपटीकडे, धडाला लागून असतात, त्यामुळे पंखाखाली इंजिनं असलेल्या विमानापेक्षा हा ओढा कमी.

टेकऑफच्या धावेत ‘व्ही वन’ हा वेग ओलांडल्यावर इंजिन गेलं तर थांबायचं नाही, एका इंजिनावर उडायचंच. उरलेल्या धावपट्टीत विमान थांबेल याची हमी नसते. ४० हजार फुटांवर इंजिन गेलं तर ती उंची एका इंजिनाला झेपत नाही, विमान बेताबेताने खाली आणावं लागतं. इथे ‘कोसळू लागतं’ कृपा करून लिहू नका, ‘उंची सोडतं’ लिहा. मग चेकलिस्ट, रेडिओवर तीनदा ‘मेडे’ ही संकटाची हाक, आणि जवळचा योग्य विमानतळ. नुसता जवळचा नाही, पुरेशी धावपट्टी आणि अग्निशमन असलेला. आपल्या भागावरून जाणाऱ्या जेटला बहुधा नागपूर.

प्रश्न
मुलींनी शेवटचं वाक्य असं केलंय: ‘उजवं इंजिन बंद पडलं, ते पुन्हा पेटलं नाही, तेव्हा वैमानिकांनी ते बंद केलं आणि एका इंजिनावर विमान नागपुरात उतरलं.’

उत्तर
उत्तम. फक्त ‘उतरलं’च्या जागी ‘उतरवलं’ करा.