गप्पीच्या पिल्लांमधील नर व मादी कसे ओळखावेत?

प्रश्न: घरच्या टाकीत जन्मलेली गप्पी माशांची पिल्ले आता महिन्याभराची झाली आहेत. पुढील वीण आवरण्यासाठी नर व माद्या वेगळ्या ठेवायच्या आहेत. परंतु रंग अजून पुरते उमटलेले नसताना ते कसे ओळखावेत, हे कृपया सांगावे.

पहिले उत्तर: रंगावर विसंबू नये, कारण निवडक पैदाशीच्या अनेक जातींत माद्यांची शेपटीही रंगीत असते. पोटाखाली, गुदद्वारामागे असलेला पर (पोहण्याचा पंखासारखा अवयव) पाहावा. मादीत तो त्रिकोणी व पसरट राहतो, तर नरात तो निमुळता होत काडीसारखा बनतो आणि त्याच्याच साहाय्याने नर मादीच्या शरीरात वीर्य सोडतो. मादीच्या पोटाच्या मागील भागात गडद डागही दिसतो, मात्र फिकट जातींत तो अस्पष्ट असू शकतो.

दुसरे उत्तर: पराची खूण खात्रीची आहे, पण पर निमुळता होऊ लागताच नर बाजूला काढावेत. एका मिलनातील वीर्य मादी काही महिने साठवू शकते, त्यामुळे उशीर झाल्यास वेगळ्या ठेवलेल्या माद्याही पिल्ले देत राहतील. जास्तीची पिल्ले नदीत किंवा तळ्यात कृपया सोडू नयेत. तेथील स्थानिक माशांना त्यांचा उपद्रव होतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पारदर्शक भांड्यात एकेक पिल्लू घेऊन बाजूने पाहिले असता फरक स्पष्ट दिसला.