आपल्या राजाराम महाराजांची समाधी इटलीच्या राजधानीत आहे का? मिसळीची पैज लागलीय

पेठेतला गडी:
मंडळी जरा मदत करा, इज्जतीचा प्रश्न आहे. आमच्या दाजींचा पोरगा पुढच्या महिन्यात शिकायला इटलीला चाललाय, फ्लॉरेन्सला. रविवारी सगळे मिसळ खायला बसलो होतो तर दाजी एकदम म्हणाले, की पोराला पहिल्यांदा आपल्या महाराजांच्या समाधीवर पाठवणार, ती इटलीच्या राजधानीत आहे. मी म्हटलं दाजी, राजधानी रोम, पोरगा चाललाय फ्लॉरेन्सला, मग समाधी कुठली? तर म्हणे फ्लॉरेन्सच राजधानी. आता पाचवीतलं पोरगंबी सांगंल की रोम म्हणून, पण दाजी हटायला तयार नाहीत. हरेल त्यानं अकरा जणांच्या मिसळीचं बिल द्यायचं असं ठरलंय, आणि एक्स्ट्रा पाव धरून.

तर कोण बरोबर ते सांगा. आणि त्या गावात अजून काय काय इचित्र बघण्यासारखं आहे तेपण सांगा, म्हणजे पोराला यादी करून देता येईल. यूट्यूबवर सगळे तोच तो मोठ्या चर्चचा घुमट दाखवत्यात.

जुनी पानं:
गडी, पाकीट काढून ठेव. तुझे दाजी तारखेच्या हिशोबानं बरोबर आहेत.

इटली एक देश झाला १८६१ ला, तेव्हा राजधानी होती तुरीन. १८६५ ला ती फ्लॉरेन्सला आणली, कारण रोम अजून पोपच्या ताब्यात होतं. २० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या सैन्यानं रोम घेतलं आणि १८७१ मध्ये राजधानी तिकडं गेली. म्हणजे फ्लॉरेन्स उणीपुरी सहा वर्षं राजधानी होतं, आणि नेमकं त्यातच ३० नोव्हेंबर १८७० ला आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज तिथं वारले. विलायतेहून परत येत होते, वाटेत तब्येत बिघडली, आर्नो नदीकाठच्या हॉटेलात मुक्काम होता तिथंच गेले. वय काय तर विशी-एकविशीचं. लंडनला व्हिक्टोरिया राणीला भेटून आले होते. प्रवासात इंग्रजीत डायरी लिहायचे, ती त्यांच्या मागं १८७२ ला लंडनमध्ये पुस्तक म्हणून छापली.

खरी गोष्ट पुढं आहे. सोबतच्या लोकांना दहन करायचं होतं आणि तिथं तोवर कुणी असलं बघितलेलं नाही, सगळं पुरण्याचं काम. खास परवानगी काढावी लागली. मग गावाबाहेर, आता जिथं कॅशिने नावाची मोठी बाग आहे तिच्या पार टोकाला, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांचा संगम आहे तिथं रात्री चिता रचली. संगमच का, ते कोल्हापूरकराला सांगायला नको. आपल्याकडं प्रयाग चिखलीला बघा.

१८७४ ला त्याच जागेवर स्मारक म्हणून छत्री उभारली, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आणि चार भाषांत मजकूर. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. हाच मँट, ज्यानं नंतर आपला नवा राजवाडा उभा केला. त्यामुळं समाधी म्हणण्यापेक्षा छत्री म्हण, पण पैज दाजींचीच.

तांबडा_पांढरा:
राजाराम महाराज म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव ना? ते तर सिंहगडावर वारले. इटलीला कवा गेले?

जुनी पानं:
@तांबडा_पांढरा भावा तीन राजाराम आहेत, सगळ्यांचाच घोळ होतो. पहिले ताराराणींचे पती, ते तू म्हणतोस ते. तिसरे शाहू महाराजांचे चिरंजीव, १९२२ ला गादीवर आले. हे मधले. मूळचे पाटणकरांच्या घरातले नागोजीराव, दत्तक येऊन १८६६ ला गादीवर बसले. राजाराम कॉलेजला नाव यांचंच. आणि यांच्या मागं परत दत्तक, ते गेल्यावर १८८४ ला परत दत्तक, आणि ते म्हणजे आपले शाहू महाराज. फ्लॉरेन्सच्या त्या हॉटेलात औषध लागू पडलं असतं तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं, असं माझ्या मनात कायम येतं. असो, गाडी रुळावर आणा.

आर्नोकाठ:
मी दोन वर्षं कामानिमित्त फ्लॉरेन्समध्ये काढलीत त्यामुळं यावर न बोलता राहवत नाही. तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बसची पाटी वाचत होतो तर ‘इंडियानो’. म्हटलं ही काय भानगड, तर छत्रीशेजारी नदीवर १९७८ ला तारांचा मोठा पूल झाला त्याचं नाव ‘पोंते आल्लिंदियानो’, म्हणजे त्या हिंदी माणसाचा पूल. तिथले लोक रोज ट्रॅफिक जामसाठी इंडियानोला शिव्या घालतात आणि विचारलं की बाबा हा इंडियन कोण, तर निम्म्यांना म्हाईतच नसतं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो की आमच्या गावचे राजे आहेत ते.

आता पोराच्या यादीसाठी.

घुमट बघू दे पण त्या चर्चच्या दारावर आतल्या बाजूनं एक घड्याळ आहे ते चुकवू नको म्हणावं. १४४३ सालचं, उच्चेल्लो नावाच्या चित्रकारानं रंगवलेलं. एकच काटा, आकडे चोवीस, आणि काटा उलटा फिरतो. त्यात दिवस मध्यरात्री संपत नाही, सूर्य मावळला की संपतो. आपल्याकडं वार सूर्योदयाला बदलतो, तर मला हे लगेच पटलं, इटालियन मित्राला मात्र मीच समजावून सांगत होतो हे एक नवलच. आणि घुमट १४३६ ला पूर्ण झाला पण पुढची ती हिरवी-पांढरी-गुलाबी संगमरवरी नक्षीची भिंत, जिच्यासमोर सगळे सेल्फी काढतात, ती १८८७ ची. म्हणजे महाराज गेले तेव्हा एवढ्या मोठ्या देवळाचं तोंड नुसतंच ओबडधोबड होतं. मायकेलअँजेलोचा डेव्हिडसुद्धा तेव्हा उघड्यावर चौकात ऊन-पाऊस खात उभा होता, १८७३ ला आत नेला. आज चौकात आहे ती नक्कल.

दुसरं म्हणजे जुना पूल, पोंते वेक्यो. त्यावर आज दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं, गुजरीच उचलून नदीवर ठेवल्यागत. पण आधी तिथं खाटीक बसायचे. झालं काय, १५६५ ला तिथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्यानं राजवाड्यापासून कचेरीपर्यंत पुलाच्या वरून एक बंद बोळ काढला, पाच महिन्यांत बांधला म्हणे, म्हणजे सरकारांना रस्त्यावरच्या गर्दीत उतरायला नको. मग रोज खालून मांसाचा वास. शेवटी १५९३ ला हुकूम निघाला की खाटीक हटवा आणि सोनार बसवा. त्या बोळाच्या वाटेत एका घराण्याचा बुरूज येत होता, त्यांनी पाडायला साफ नकार दिला, तर एवढ्या मोठ्या सरकारनं मुकाट्यानं बोळाला वळसा दिला. आजपण दिसतो तो वाकडेपणा. रस्तारुंदीत घर गेलेल्यांनी तो जरूर बघावा.

आणि नवीन वर्ष! १७५० पर्यंत फ्लॉरेन्सचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. इतर बऱ्याच ठिकाणी जानेवारी आणि हे आपले पाडव्याच्या सुमारास नवीन साल धरणार. जुन्या कागदावर फेब्रुवारी असला की साल एकानं वाढवून वाचावं लागतं.

शाहूपुरीची मावशी:
आम्ही टूरबरोबर गेलो होतो, टूरवाल्यानं फ्लॉरेन्सला मोजून तीन तास दिले, त्यात एक तास बस कुठं लावायची यात गेला, आणि छत्रीचं विचारलं तर गाईड म्हणे प्रोग्राममध्ये नाही. कोल्हापूरहून सोळा माणसं गेलेली आम्ही, आणि प्रोग्राममध्ये नाही! अजून राग आहे मला.

बाळा, भाच्याला दोन गोष्टी सांग. तिथला पाव बिनमिठाचा असतो. मला वाटलं विसरले, परत केला, तर तो वेटर हसायला लागला. शेकडो वर्षांपासून तसाच करतात म्हणे. आणि पत्ता शोधताना नंबराचा रंग बघायचा. दुकान-हॉटेलांना लाल नंबर आणि घरांना काळे किंवा निळे, दोन्ही आपापले वेगळे चालतात. ३२ नंबरच्या शेजारी ५ नंबर असू शकतो. आम्ही काळ्या नंबरची बेल वाजवून एका म्हाताऱ्या बाईला जेवणाचं मेन्यूकार्ड मागितलं, काय सांगू.

भिंतीत छोट्या छोट्या कमानीच्या खिडक्यापण दिसतात, देवळीएवढ्या, त्या देव ठेवायच्या नाहीत हं, मी नमस्कार केला होता एकीला. त्यातून वाईन विकायचे जमीनदार लोक. प्लेगच्या वेळी हात न लागता ग्लास द्यायला कामी आल्या आणि २०२० ला करोनात परत उघडल्या. दीडशेच्या वर आहेत गावात.

सेंटर फॉरवर्ड:
सगळ्यांनी इतिहास सांगितला, मेन गोष्ट राहिलीच. २४ जूनला पोरगा तिथं असंल तर काल्च्यो स्तोरिको बघायला लाव. गावाच्या चार भागांच्या चार टीम, निळे पांढरे लाल हिरवे, एका टीमला २७ गडी, सांता क्रोचेच्या चौकात वाळू टाकून खेळतात. म्हणायला फुटबॉल पण हातानं बॉल न्यायचा, आणि अडवायचं म्हणजे कुस्ती, ठोसे, सगळं चालतंय. खासबागेतली कुस्ती आणि शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल एकाच वेळी लावल्यासारखं. जिंकणाऱ्याला परंपरेनं बक्षीस काय, तर पांढरी गाय! पेठापेठांतली खुन्नस आपल्यालाच कळते असं वाटायचं मला, व्हिडिओ बघितला आणि गार झालो. आपल्या पीटीएम विरुद्ध शिवाजी फुटबॉल मॅचला ही गायीची आयडिया कुणीतरी काढा रे, विषय हार्ड होईल.

चिखलीकर:
नदीचा विषय निघाला म्हणून. ४ नोव्हेंबर १९६६ ला त्याच आर्नोला असला पूर आला की काही ठिकाणी पाणी वीस फुटांवर चढलं, देवळातली चित्रं, लायब्ररीतली लाखो पुस्तकं सगळी चिखलात. घरं तापवायला साठवलेलं तेल त्या पाण्यात मिसळलेलं, त्यामुळं तो डाग निघता निघेना. जगभरातून कॉलेजची पोरं आपापल्या खर्चानं आली आणि रांगा करून एकेक पुस्तक हातोहात वर काढलं. त्यांना तिथं ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. आणि १३३३ चा मोठा पूरसुद्धा ४ नोव्हेंबरचाच, त्यात जुना पूल वाहून गेला, आजचा आहे तो १३४५ चा. भिंतींवर दोन्ही पुरांच्या खुणा आहेत, पाटीसकट.

२०१९ ला आमचं घर चार दिवस पाण्यात होतं. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ४३ फूट, म्हणजे धोक्याची पातळी, म्हटलं की पोटात गोळा येतोय अजून. पूर उतरल्यावर वासाची सवय होत नाही. ते वाचताना मला पहिल्यांदा पुस्तकं नाही, तो वास आठवला. आम्ही भिंतीवरची रेघ रंगवून पुसली, आता वाटतंय ठेवायला पाहिजे होती.

आर्नोकाठ:
@चिखलीकर खरं आहे. छत्री तर नदीच्या एकदम काठावर आहे, मी गेलो तेव्हा पाऊस झालेला, दोन्ही नद्या गढूळ. बाग संपते तिथं उतरून चालत जावं लागतं, लांब आहे, सायकल घेतलेली बरी.

पेठेतला गडी:
आईशप्पथ, मी दोन ओळींची अपेक्षा केली होती. सगळा धागा दाजींना वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं ते जिंकले. माझं म्हणणं ते ‘आहे’ म्हणाले होते, ‘होती’ म्हणाले नव्हते, आज राजधानी रोमच. अर्धा तास भांडून शेवटी बिल निम्मं-निम्मं ठरलं, तर ताई आतून म्हणाली की मग एक्स्ट्रा पावाचे कोण देणार, ते परत पेटलंय.

पोरानं सायकल, घड्याळ आणि लाल नंबर लिहून घेतलंय. आणि मावशी, तुमचं वाचून ताईनं बॅगेत कांदा-लसूण चटणीच्या डब्याशेजारी मिठाची पुडीपण ठेवलीय.