आप्पांची पत्रं आणि बंडूचं लॅमिनेशन

ग्रुप: आप्पांचं गोकुळ

माई आत्या: बंडू, हे काय करून ठेवलंस? तुझं पाकीट आत्ता उघडलं. आप्पांच्या महायुद्धातल्या पत्रांना प्लॅस्टिक चढवायला कोणी सांगितलं होतं तुला? रेशनकार्ड आहे का ते?

बंडूदादा: आत्या, अगं हातात घेतलं की तुकडे पडत होते. घड्यांवर तर पार चिरा गेल्या होत्या. २३ च्या २३ पत्रं करून घेतली. आता शंभर वर्षं बघायला नको.

माई आत्या: वासच गेला रे. ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा आणि त्या कागदाचा वास यायचा. आता गुळगुळीत लागतं नुसतं हाताला.

वहिनी: माई आत्या, ह्यांनी तीन रविवार घालवलेत त्यात. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. असो.

राजू: सगळं ठीक आहे. पण मूळ ट्रंक सध्या कोणाकडे आहे? गिरगावची खोली रिकामी केली तेव्हा यादी केली होती. यादीत ट्रंक आहे.

पिंट्या: पणजोबा वॉटरप्रूफ झाले 😂

बंडूदादा: पिंट्या गप्प बस.

माई आत्या: मी कडेने कात्री लावून बघू का? निघेल बहुतेक.

छोटी: आत्या नको!! कात्री ठेव आधी खाली. गरम लॅमिनेशनमध्ये गोंद वितळून कागदात मुरतो. ओढलंस तर शाई प्लॅस्टिकला चिकटून येईल आणि हातात कोरा कागद राहील. आता ते निघत नाही. दादा, चिडू नकोस, पण हे करायच्या आधी एक फोन करायचा होतास. आता निदान उन्हात ठेवू नका, गुंडाळू नका आणि दोन्ही बाजूंचे नीट स्कॅन काढा. दोन्ही बाजूंचे. तू मागे पाठवलेल्या फोटोंत निम्म्या ठिकाणी तुझा अंगठाच आहे.

बंडूदादा: बरं बाई. तू तिकडून सल्ले दे, माळ्यावर मी चढतो.

राजू: माळ्यावरून काढलेली ट्रंक कोणाकडे आहे?

नाना काका: सुप्रभात. 🙏 मी वाचतो आहे सगळं. बोलत नाही.

(एका तासाने)

पिंट्या: छोटी आत्या, एक डाउट. पाकिटावर फील्ड ॲम्ब्युलन्स लिहिलंय. म्हणजे पणजोबा ॲम्ब्युलन्स चालवायचे?

छोटी: नाही रे. फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे, अख्खी पलटणच ती. डॉक्टर, ड्रेसर, स्ट्रेचरवाले, स्वयंपाकी, सगळे. आघाडीवरून जखमी आणायचा, रक्त थांबवायचं, मागच्या इस्पितळात पाठवायचा.

पिंट्या: आणि आधीच्या पत्रांवर आयएमएस, नंतर आयएएमसी. जॉब बदलला का?

छोटी: ३ एप्रिल १९४३ ला सैन्यातली डॉक्टरमंडळी, म्हणजे आयएमएस, इंडियन मेडिकल सर्व्हिस, आणि हॉस्पिटल कोअर एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर केली. आप्पा तिथेच, पाटी बदलली. जागेचं नाव मात्र कुठल्याच पत्रावर मिळणार नाही. फक्त एफपीओ, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, आणि नंबर. नंबर आणि तारीख जुळवली की ठिकाण काढता येतं. बऱ्याच युनिटांच्या वॉर डायऱ्या लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, बर्माकडच्या डब्ल्यूओ १७२ ह्या फाइलमालेत. शिक्के स्पष्ट दिसणारे फोटो द्या, मी बघते. आणि शिक्क्यांवर फडकं फिरवलं नसेल अशी आशा.

बंडूदादा: कोरडं फडकं होतं.

माई आत्या: १९४३ च्या दिवाळीनंतरचं पत्र वाचा सगळ्यांनी. कलकत्त्याहून टाकलेलं. पाच ओळी प्रवासाच्या, मग “स्टेशनवर जे पाहिले ते लिहीत नाही. मुलांना ताटात टाकू देऊ नकोस.” बस. मोठी आई हे पत्र कोणाला वाचू द्यायची नाही.

छोटी: बंगालच्या दुष्काळाचं वर्ष.

वहिनी: मला ते पिवळं पडल्याचं पत्र आवडलं. “फोटो मागू नकोस, मी हळदीच्या नवऱ्यासारखा दिसतो. कावीळ नव्हे, गोळ्यांचा रंग आहे.”

छोटी: मेपाक्रीन! मलेरियाची गोळी, रोज घ्यायची. कातडी पिवळी व्हायची. १९४३ मध्ये त्या आघाडीवर एक जखमी मागे पाठवला तर त्याच्यामागे १२० आजारी पाठवावे लागत, तिथल्या सैन्याचा सेनापती जनरल स्लिम, त्यानेच लिहून ठेवलंय. मग तो अचानक तपासण्या घ्यायला लागला. पलटणीत ९५ टक्क्यांपेक्षा कमी लोकांनी गोळी घेतलेली निघाली की कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. तिघांना काढलं, बाकीचे आपोआप सुधारले.

पिंट्या: लोक गोळी का नाही घ्यायचे पण?

छोटी: पुरुषत्व जातं अशी अफवा होती.

पिंट्या: अण्णा आजोबांचा जन्म १९४७. अफवा खोटी. सप्रमाण सिद्ध.

राजू: माझ्या वडिलांवरून विनोद नकोत. आणि ट्रंकेचं उत्तर अजून आलेलं नाही.

नाना काका: वाचून करमणूक होत आहे. पण एक प्रश्न नम्रपणे विचारतो. त्याच ट्रंकेत आमच्या तात्यांची येरवड्याहून आलेली पत्रं होती. मोठ्या आईकडेच यायची ती, कारण घर एकच होतं. त्यांचं काय केलंत?

बंडूदादा: नाना काका, ती वेगळी काढून ठेवली आहेत. ११ आहेत. ती लॅमिनेट नाही केली.

नाना काका: का?

बंडूदादा: आप्पांचीच करायची असं ठरवलं होतं.

नाना काका: म्हणजे सरकारची नोकरी केली त्यांना प्लॅस्टिक, आणि सरकारच्या तुरुंगात बसले ते तसेच. बरं.

छोटी: काका, खरं सांगू का, तीच अकरा पत्रं बचावली!! त्यांना टेप, पिना, स्टेपल काही लावू नका. अ‍ॅसिड नसलेल्या कागदात आडवी ठेवा.

नाना काका: तू चांगल्या मनाने सांगतेस. पण विचारायला हवं होतं.

माई आत्या: नाना, उगाच फाटे फोडू नकोस. तात्याकाका आत होते तेव्हा घर कोणाच्या मनीऑर्डरवर चालत होतं? तुझ्या थोरल्या बहिणीचं दूध नि औषध कुठून येत होतं?

नाना काका: ते कधी नाकारलंय मी? पण १४ एप्रिल १९४४ ला मोइरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. इंफाळपासून जवळच. आणि आपले आप्पा समोरच्या बाजूला होते. हेही गोकुळाष्टमीच्या भाषणात कधीतरी यावं.

माई आत्या: आप्पा बंदूक चालवत नव्हते.

नाना काका: हा मेसेज डिलीट केला गेला आहे.

वहिनी: काय होतं काका?

राजू: मी वाचलं. बोलत नाही.

पिंट्या: १४ एप्रिल १९४४ म्हणजे मुंबईच्या गोदीतला स्फोट ना? सेम दिवस??

माई आत्या: हो. दुपारी चार वाजून गेले होते. मोठी आई दिवस भरलेली, गिरगावच्या खोलीत. खिडकीची काच येऊन तिच्या पायाशी पडली. मी त्यानंतर नवव्या दिवशी झाले. आप्पांनी २१ मेच्या पत्रात विचारलंय, “गोदीबद्दल येथे निरनिराळे ऐकू येते. सर्व सुखरूप ना? उलटटपाली लिही.” अरे, लढाईवर तो, नि काळजी आमची.

छोटी: सुरुवातीला धड बातमी बाहेर जाऊ देत नव्हते, मेच्या दुसऱ्या आठवड्यात बातमीदारांना परवानगी मिळाली. आणि आप्पा तेव्हा इंफाळात असतील तर तेच कोंडलेले होते. मार्चअखेरीला रस्ता तुटला तो २२ जूनला उघडला. पत्रंसुद्धा विमानानेच. दादा, २१ मेचं पत्र टाक ना, पुढून-मागून.

(फोटो)

(फोटो)

छोटी: ह्याला भोक आहे.

बंडूदादा: ते मी पाडलेलं नाही! आधीपासून होतं. काडेपेटीएवढं, चौकोनी.

छोटी: माहितीये दादा. सेन्सॉरचं पातं आहे ते. पुढच्या बाजूला बघा, “येथे” नंतर कापलंय आणि मग “ला पाऊस धरला आहे.” आप्पा गावाचं नाव लिहून बसले. अधिकाऱ्यांची पत्रं त्यांच्या शब्दावर, न तपासता जायची, पण बेसवरचे सेन्सॉर मधूनच उघडायचे.

पिंट्या: स्वतः दुसऱ्यांची पत्रं तपासायचे ना ते? त्या “पोरांच्या पत्रांत पैसा आणि पाऊस याखेरीज काही नसते” वाल्या पत्रात आहे. आणि स्वतःच पकडले गेले 🙈

छोटी: आता मागची बाजू बघा. पातं दोन्हीकडून जातं.

वहिनी: “मुलीचे नाव” ... भोक ... “ठेवावे म्हणतो. तुझे मत कळव.”

वहिनी: अगं बाई.

माई आत्या: बघा. मी काय सांगत होते? इतकी वर्षं सांगतेय. माझं नाव आप्पांनी आघाडीवरून कळवलं. विजया. लढाई चालू होती म्हणून विजया.

नाना काका: माई, भोकात विजया कुठे दिसतं?

माई आत्या: “ठेवावे म्हणतो” हे आप्पांच्या हातचं आहे.

नाना काका: तात्यांनी येरवड्याहून नाव सुचवलं होतं, हे माझ्या आईने मला सांगितलंय. विजया, पण कोणाचा विजय ते वेगळं. “म्हणतो” म्हणजे मी म्हणतो असंही, आणि तो म्हणतो असंही. “मुलीचे नाव तात्या विजया ठेवावे म्हणतो.” वाचून बघा. बसतंय भोकात.

राजू: “मुलीचे नाव मी विजया” हेसुद्धा बसतं. जागा उरते थोडी.

पिंट्या: झूम केलं. भोकाच्या डाव्या कडेला एक तिरकी रेघ उरलीय शाईची. वि ची वेलांटी?

नाना काका: किंवा त ची गाठ.

माई आत्या: वेलांटी आहे ती.

बंडूदादा: स्कॅन करताना प्लॅस्टिकवर चरा पडला असेल तोही असू शकतो...

वहिनी: तुम्ही आता काही बोलू नका.

छोटी: काका, तुमच्या अकरांत १९४४ चं एखादं आहे का? नाव सुचवलं असेल तर त्यात असेल.

नाना काका: माझ्याकडे नाहीत, बंडूकडे आहेत. मी तेव्हापासून हेच विचारतोय.

बंडूदादा: बघतो. एक आहे १९४४ चं. मोडीत आहे, वर जेलचा शिक्का. मला वाचता येत नाही.

माई आत्या: मोडी मला येते. मोठ्या आईने शिकवली. फोटो नको, पत्र पाठव.

नाना काका: माई वाचणार असेल तर मी समोर असेन.

माई आत्या: ये की. रविवारी ये. जेवायलाच ये. चष्मा घेऊन ये तुझा.

नाना काका: येतो.

राजू: रविवारी मीही येतो. बंडू, येताना ट्रंक घेऊन ये.

बंडूदादा: राजू, ट्रंक भंगारात गेली. तळ पूर्ण गंजला होता. सांगणार होतो.

राजू: ...

माई आत्या: कुलूप?

बंडूदादा: कुलूप आहे माझ्याकडे. किल्ली नाही.

माई आत्या: किल्ली माझ्याकडे आहे. कुलूप आण. आणि प्लॅस्टिकवाल्याकडे परत पाऊल टाकशील तर बघ.